आपल्या वाट्याची खते

मराठी कादंबरीच्या वाचकाला सांगवी हे नाव परके नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (1963) नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीचा. आम्ही राहतो ती सांगवी पवना आणि मुळा यांच्या बेचक्यातली, पिंपरी-चिंचवडची. 'कोसला' शिकवायला घेतली की वर्गात कुणीतरी हमखास विचारते, "सर, हा आपल्याच गावचा का?" आम्ही नाही म्हणतो आणि मुले जराशी हिरमुसतात. अलीकडे मात्र हे 'नाही' पूर्वीच्या खात्रीने तोंडातून निघत नाही. बापाच्या पैशावर पुण्याला शिकायला गेलेला, परीक्षांत आपटलेला आणि शिक्षण अर्धवट टाकून गावी परतलेला पांडुरंग जो प्रश्न घेऊन परततो, तोच आमच्याही दाराशी येऊन बसला आहे. हे सगळे आपण कशासाठी करत होतो? त्याला तो पंचविशीत पडला, आम्हांला पंचेचाळिशीत.

निमित्त एका अर्जाचे. पीएचडीच्या नोंदणीची सहा वर्षांची मुदत संपली की आणखी दोन वर्षांसाठी पुनर्नोंदणी करता येते. हा अर्ज आमच्या टेबलावर काही आठवडे कोरा पडून होता. तो भरावा की भरू नये, यावर आम्ही दोघे सहकारी रोज चहाच्या वेळी बोलत राहिलो आणि शेवटी निरनिराळ्या निर्णयांना पोहोचलो. हा लेख मात्र एकत्र लिहीत आहोत. आधी परिस्थिती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आम्ही दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही सेट उत्तीर्ण, दोघांचीही पीएचडीची नोंदणी 2019ची. आमच्यापैकी एक अनुदानित महाविद्यालयात कायम आहे. दुसरी गेली कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तासाप्रमाणे मानधन, सुटीच्या महिन्यांत काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. तेव्हा 'पीएचडी करावी का' हे तीन शब्द आम्ही दोघे उच्चारतो, तेव्हा ते शब्द एकच असले तरी प्रश्न एक नसतो. हे कळायला आम्हांला बराच वेळ लागला.

प्रथम या उद्दिष्टाकडे उद्दिष्ट म्हणून पाहू. डोंगर चढणाऱ्याला शिखर दिसत असते आणि ते जागचे हलत नाही. आमचे शिखर गेल्या पंधरा वर्षांत सारखे हलत आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010च्या नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुणांक लावले. लेखाला इतके, पुस्तकाला इतके, चर्चासत्रातल्या निबंधाला इतके. त्यानंतर महाराष्ट्रात किती चर्चासत्रे झाली आणि त्यांच्या किती जाडजूड स्मरणिका आयएसबीएन क्रमांक मिरवत छापल्या गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांतल्या काहींत आमचेही निबंध आहेत. पैसे भरले की लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे 2018मध्ये आयोगाने स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून 4305 नियतकालिके एकदम वगळली. मग 'केअर' यादी आली; तिचे काम आमच्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. तीही 2025मध्ये बंद करण्यात आली. 2018च्या नियमावलीने विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी जुलै 2021पासून पीएचडी अनिवार्य ठरवली. ती तारीख पुढे 2023पर्यंत ढकलली गेली. आणि 2023च्या जुलैत ती अट काढून नेट-सेट हीच किमान पात्रता असल्याचे जाहीर झाले. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही 2016च्या नियमांतली अट 2022च्या नियमांत गेली. ज्यांनी त्या अटीपायी पदरचे पैसे मोजून निबंध छापले होते, त्यांचे निबंध तेवढे मागे उरले.

यातला प्रत्येक बदल चांगल्या हेतूने झाला असेल. काही बदल तर निश्चितच योग्य होते. आमचा मुद्दा एवढाच, की ज्या उद्दिष्टाची व्याख्या दुसऱ्याच्या हाती आहे आणि तो दर दोन-तीन वर्षांनी ती बदलतो, त्या उद्दिष्टाच्या मागे धावणाऱ्याला आपण कुठे निघालो होतो याचा विसर पडणे स्वाभाविक आहे. आम्हांला तो पडला.

आम्ही कुठे निघालो होतो? आमच्यापैकी ज्याची नोकरी कायम आहे, त्याच्या मनात एक साधा प्रश्न होता. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा सारा टापू कारखान्यांनी भरून गेला. 2009मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि सांगवीच्या चौकात पहाटे उभ्या राहणाऱ्या कंपनीच्या बसगाड्यांच्या पाट्यांवर चाकणचे नाव अधिकाधिक दिसू लागले. लाखो माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरकडून इथे आली. मुंबईच्या कामगाराला मराठी साहित्यात नारायण सुर्वे मिळाले. 'माझे विद्यापीठ' (1966) आजही आम्ही शिकवतो. मग या पट्ट्यातला कामगार आमच्या साहित्यात इतका तुरळक का? तो लिहीत नाही, की लिहितो आणि आमच्यापर्यंत पोहोचत नाही? की त्याचे सांगणे ज्या रूपात आहे, ते रूप आम्ही साहित्य म्हणून ओळखतच नाही?

हा प्रश्न संशोधनाच्या आराखड्यात शिरला आणि बाहेर येईपर्यंत त्याचे 'साठोत्तरी मराठी कादंबरीतील कामगार जीवनाचे चित्रण' झाले. विषय वाईट नाही. पण तो आमचा प्रश्न नव्हता. आमचा प्रश्न कादंबरीत जे नाही त्याविषयी होता. आराखडा कादंबरीत जे आहे त्याविषयी होऊन बसला. कारण जे नाही त्याची प्रकरणे पाडता येत नाहीत आणि संदर्भसूची तर मुळीच करता येत नाही. पुढच्या सहा वर्षांत सहामाही प्रगती अहवाल लिहिले, समितीपुढे सादरीकरणे केली, चर्चासत्रांची प्रमाणपत्रे फायलीत लावली. या सहा वर्षांत चाकणला जाऊन एखाद्या कामगाराशी तासभर बोलणे एकदाही झाले नाही. ती बस रोज आमच्यासमोरून जात होती.

इथे वाचकाला कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट आठवेल. आम्हांलाही आठवली. ज्याला प्रबंध पुरा करता आला नाही तो प्रबंधाला नावे ठेवतो, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो पूर्णपणे खोडून काढता येईल असे आम्हांला वाटत नाही. आळस होता, घरची आजारपणे होती, महासाथीची दोन वर्षे होती. एक गोष्ट तर मान्यच केली पाहिजे. या सहा वर्षांनी आम्हांला वाचायला शिकवले. एखादे विधान करण्यापूर्वी त्याला आधार शोधण्याची सवय, जुन्या नियतकालिकांचे अंक चाळताना येणारी चिकाटी, आपल्याआधी कुणी काय म्हटले याचा आदर, हे सारे या नोंदणीमुळेच अंगवळणी पडले. ज्यांचे प्रबंध पुढे ग्रंथ होऊन आमच्या हाती आले आणि ज्यांच्यावर आम्ही आजही वर्गात उभे राहतो, असे अभ्यासक मराठीत थोडे नाहीत. तेव्हा पीएचडी निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. नेमाड्यांच्याच 'बिढार' (1975) ते 'झूल' (1979) या चार कादंबऱ्यांतला प्राध्यापक चांगदेव पाटील एका गावातून दुसऱ्या गावी नोकरीचे बिऱ्हाड हलवत राहतो आणि संस्थांचे राजकारण पाहून विटतो. त्या कादंबऱ्या तरुणपणी वाचताना आम्हांला चांगदेवाच्या जागी स्वतःला ठेवणे फार सोपे गेले होते. आज वाटते, सगळेच पोकळ आहे असे म्हणून मोकळे होण्यातही एक प्रकारचा आराम असतो.

हा आराम एका विद्यार्थ्याने मोडला.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा हा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. रात्रपाळी करून सकाळी तासाला येतो, शेवटच्या बाकावर बसतो, कधी कधी झोपतोही. आम्ही उठवत नाही. एका दुपारी तो विभागात आला आणि म्हणाला, "सर, मॅडम, पीएचडीला नाव घालू का?"

अशा वेळी 'जरूर घाल' म्हणायची आम्हां अध्यापकांची रीत आहे. त्यात प्रोत्साहन असते, थोडा अभिमान असतो, आणि आणखी काही असते ते आपण बोलत नाही. संशोधन केंद्राला विद्यार्थी हवे असतात, मार्गदर्शकाच्या नावापुढे संख्या हवी असते, मूल्यांकन समितीला तक्ता दाखवायचा असतो. त्याचे उद्दिष्ट आपल्याला सोयीचे असते. त्या दिवशी आमच्यातला कायम नोकरीवाला खरे बोलायचे ठरवून बोलला. जागा निघत नाहीत, निघाल्या तर एका जागेला किती अर्ज येतात, पीएचडी झालेले आमचेच एक सहकारी अजून तासिकेवर कसे आहेत, सहा वर्षे म्हणजे किती रात्रपाळ्या, हे सगळे त्याने सांगितले. शेवटी म्हणाला, "अरे, पदवीत काही नाही. वाचत राहा, लिहीत राहा."

मुलगा शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सर, तुम्हांला नोकरी आहे म्हणून तुम्हांला असं म्हणता येतं. माझ्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नाही. नावाच्या मागं डॉक्टर लागलं, तर आई गावात ते नाव एकदा तरी मोठ्यानं घेईल."

आम्ही दोघेही गप्प झालो. पण आमचे गप्प होणे सारखे नव्हते. एकाला आपण पकडले गेलो असे वाटले. दुसरीला, आपण इतकी वर्षे जे बोलू शकलो नाही ते कुणीतरी बोलले, असे वाटले.

त्या संध्याकाळी आम्हांला आठवली ती देहूची गोष्ट. देहू इथून फार दूर नाही. इंद्रायणीकाठच्या त्या गावाशी या टापूतल्या कुणाचेही नाते वारीपुरते तरी असतेच. महिपतींनी सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. घरात पिढीजात महाजनकी, व्यापार, सावकारी. 1630च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. ज्या उद्दिष्टासाठी घराणे पिढ्यान्‌पिढ्या राबले, ते मिळवण्याजोगे आहे काय, हा प्रश्न तुकोबांना दुकानाच्या ओट्यावरच पडला असला पाहिजे. त्यांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवायची ठरवली. इथवरची गोष्ट आपण सगळे सांगतो. पुढचा तपशील आपण घाईने ओलांडतो. धाकटा भाऊ कान्होबा याचा संसार चालायचा होता. तेव्हा खतांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा कान्होबाला मिळाला. तुकोबांनी बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची खते.

हा तपशील आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, पण त्याचे वजन आम्हांला त्या संध्याकाळी जाणवले. विरक्तीचा आवेग इतका प्रबळ असतानाही या माणसाने दुसऱ्याचा संसार नदीत टाकला नाही. तुझीही खते बुडव, यात काही अर्थ नाही, असा उपदेश भावाला केल्याचे चरित्रकार सांगत नाही. एखादे उद्दिष्ट व्यर्थ आहे हे स्वतःपुरते ओळखणे ही एक गोष्ट. ते सर्वांसाठी व्यर्थ आहे असा निवाडा करणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिलीला धैर्य लागते. दुसरीला बहुतेक वेळा फक्त सुरक्षित नोकरी लागते.

आमच्यातल्या कायम नोकरीवाल्याने त्या मुलाला 'पदवीत काही नाही' असे सांगितले, तेव्हा तो नकळत कान्होबाचा वाटा बुडवायला निघाला होता. त्याच्यासाठी पीएचडी म्हणजे पुढची पदोन्नती, थोडा अधिक पगार, दारावरची पाटी. या गोष्टी सोडून देणे त्याला परवडते. तासिकेवरच्या सहकारी बाईंसाठी ती पुढच्या मुलाखतीतले गुण आहेत, कदाचित नोकरीची शेवटची संधी आहे. त्या विद्यार्थ्यासाठी ती आईच्या तोंडचे नाव आहे. प्रतिष्ठा ही क्षुल्लक गोष्ट असल्याचे ज्यांना ती जन्मतः किंवा नोकरीने मिळालेली असते, तेच सहज म्हणू शकतात. ज्यांच्या पिढ्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांनी पदवीला दिलेले मोल हे अडाणीपण समजणाऱ्याला मराठी साहित्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास कळला नाही, असे म्हणावे लागेल.

मग उद्दिष्टाची पारख करूच नये काय? अवश्य करावी, पण आपल्या वाट्याची. आणि ती करण्याची एक कसोटीही देहूच्याच गोष्टीत आहे असे आम्हांला वाटते. इंद्रायणीत दोनदा कागद बुडाले. एकदा तुकोबांनी आपण होऊन टाकलेली खते. दुसऱ्यांदा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांना भाग पाडून बुडवायला लावलेली अभंगांची वही. खते वर आली नाहीत आणि त्यांची वाट कुणी पाहिलीही नाही. वहीसाठी मात्र तेरा दिवस धरणे झाले आणि ती तरली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी अर्थ उरतोच. जे हातातून गेल्यावर हलके वाटते ते खत. जे गेल्यावर अन्न गोड लागत नाही ती वही. आपल्या कामात खते किती आणि वही किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

या कसोटीला उतरणारे काम आमच्या शेजारीच झाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी पुण्यात राहून मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. त्या गावांतल्या कार्यकर्त्या बायकांच्या साथीने पुढे अनेक जिल्ह्यांत हे काम चालले आणि एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. प्वातवाँ 2004 साली गेले, राईरकर 2010मध्ये. तोवर घरोघरची जाती बंद पडली होती. म्हणजे हे काम आणखी थोडे लांबले असते, तर ते करताच आले नसते. एवढ्या ओव्या जमवून काय मिळणार, असा हिशेब कुणी आरंभीच मांडला असता तर उत्तर काय आले असते? त्या दोघांपुढे जो प्रश्न होता तो आमच्या मूळ प्रश्नाचाच सख्खा भाऊ होता: ज्यांना आपण लेखक म्हणत नाही, त्या काय म्हणतात?

तेव्हा आमचे निर्णय असे झाले. कायम नोकरी असलेल्याने अर्ज भरला नाही. सहा वर्षांची फाईल कपाटात ठेवली आणि त्याला खरोखरच हलके वाटले. यावरून ती बहुतांशी खतेच होती असे तो मानतो. पण कामगार का लिहीत नाही, हा प्रश्न काही कपाटात राहायला तयार नाही. तो आता शनिवारी दुपारी चाकणला जाऊ लागला आहे. काय हाती लागेल हे ठाऊक नाही. त्याचे गुण नाहीत, मुदत नाही, समिती नाही. उद्या कंटाळा आला तर विचारणाराही कुणी नाही, ही त्या कामातली खरी जोखीम आहे. तासिकेवरच्या सहकारी बाईंनी आपला अर्ज भरला. दोन वर्षांत प्रबंध पुरा करायचा त्यांचा निश्चय आहे, आणि पदोन्नतीतून वाचलेला कायमवाल्याचा वेळ आता त्यांची प्रकरणे तपासण्यात जावा, असा करार आम्ही केला आहे. हा करार या लेखातल्या सगळ्या विचारापेक्षा अधिक उपयोगी ठरेल अशी शक्यता आहे.

आणि तो विद्यार्थी? त्याला आम्ही पुन्हा बोलावले. नाव घाल, असे सांगितले. घालू नको, असेही सांगितले नाही. जागांची स्थिती पुन्हा एकदा न लपवता सांगितली आणि मग विचारले, "तुला काय शोधायचंय?" तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून आम्ही एकमेकांना गोष्टी सांगतो. पहाटेपर्यंत. गावाकडच्या, पाहिलेल्या, बनवलेल्या. त्या कुठं लिहिलेल्या नाहीत."

ज्या प्रश्नासाठी सहा वर्षे ग्रंथालये धुंडाळली, त्याच्या उत्तराचे एक टोक आमच्या शेवटच्या बाकावर झोपलेले होते. या गोष्टींवर प्रबंध होईल का, मार्गदर्शक मिळेल का, आराखडा मंजूर होताना त्यांचे काय होईल, याची काळजी आम्हांला आहेच. तूर्त त्याला एक वही दिली आहे आणि पाळी संपल्यावर, झोपण्यापूर्वी, आठवतील तेवढ्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितले आहे. नोंदणीचे पुढे पाहू.